आमची वाटचाल: होड्यांच्या शेडमधलं विमान

आमचं मूळ काम होड्यांचं. आजोबा लाकडी होड्या बांधायचे, बाबांनी फायबर आणलं, आणि धंदा माझ्या हाती आला तोवर रत्नागिरीच्या आसपास लाकडाची नवी होडी मागणारं गिऱ्हाईक क्वचितच उरलं होतं. काचेच्या धाग्यांची मॅट, तिला घट्ट करणारं रेझिन, वरचा जेलकोट आणि मोल्ड हेच आमचं जग. धंद्याचे महिनेही ठरलेले. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. दुरुस्तीची गर्दी त्याच्या आधी एप्रिल-मेमध्ये आणि नंतर नारळी पौर्णिमेच्या तोंडावर. मधले पावसाचे दिवस म्हणजे शेडला भाडं आणि माणसांना पगार, काम मात्र जेमतेम. हवेत इतका ओलावा असतो की रेझिनवर भरवसा ठेवता येत नाही. विमानाचा विषय आमच्याकडे शिरला तो या रिकाम्या महिन्यांतून. त्यात स्वप्नबिप्न काही नव्हतं.

कोल्हापूरचे एक फाउंड्रीवाले गृहस्थ इंजिनावरचं फायबरचं झाकण दुरुस्त करायला घेऊन आले. झाकण एवढं हलकं की आमच्या मिस्त्रींनी ते एका बोटावर उचललं आणि विचारलं, "साहेब, हे कुठल्या बोटीचं?" साहेब हसले. त्यांनी झेनिथ कंपनीच्या सीएच 701 या विमानाचं किट अमेरिकेहून मागवलं होतं. दोन माणसांचं, वर पंख असलेलं, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं विमान. क्रिस हाइन्त्झ यांनी ते 1980 च्या दशकात डिझाइन केलं, तेच मुळी गॅरेजमध्ये साध्या हत्यारांनी जुळवता यावं म्हणून. पण यांच्या गॅरेजात पंख मावत नव्हता. आमच्या शेडचं दार त्यांनी पावलं टाकून मोजलं, वर वजन उचलायचा चेन ब्लॉक पाहिला आणि तिथल्या तिथे विचारलं, "पावसात ही जागा रिकामीच असते ना?"

त्या सुमारास कॅप्टन अमोल यादव यांचं नाव घरोघरी पोचलं होतं. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, 2016 मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात मांडलं आणि उड्डाणाचा परवाना हातात पडायला 2019 साल उजाडलं. त्यांनी विमान स्वतःच योजलं होतं. आमच्याकडे आलेलं किट होतं, म्हणजे नकाशा, पत्रा, भोकं सगळं आधीच ठरलेलं. तरीही गच्चीवर झालं तर शेडमध्ये का नाही, एवढा धीर त्या बातम्यांनी दिला. (शेडमध्ये विमान दिसलं की दर दुसरा पाहुणा शिवकर बापूजी तळपद्यांची 1895 मधली चौपाटीवरची गोष्ट काढतो. पुराव्याशिवायची गोष्ट आहे, मी वाद घालत नाही, चहा मागवतो.)

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण फोनवर तोच गैरसमज असतो. आम्ही विमान बनवून देत नाही. अशा विमानाचा अर्थच हा की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं शिकण्यासाठी आणि छंदासाठी स्वतः केलेलं असावं. अमेरिकेत तर तो 51 टक्क्यांचा नियमच आहे. आमच्याकडे जागा आहे, हत्यारं आहेत, धरायला हात आहेत आणि दुसरी नजर आहे. पत्रे कायमचे जोडणारे रिवेट मालक मारतो. खरं पाहता लोक पैसे देतात ते त्या दुसऱ्या नजरेचे. ती नजर त्यांना घाई करू देत नाही.

आमच्या माणसांच्या हाताची सवय मोडणं हे पहिलं काम झालं. होडीत शंका आली की मॅटचा एक थर वाढवायचा, ही तीन पिढ्यांची शिकवण. थर वाढला की गिऱ्हाईक खूश. विमानात तोच जादाचा थर शेपटीकडे पडला तर तोल मागे सरकतो, आणि तोल ठरलेल्या मर्यादेच्या मागे गेला की नाक वर जातं ते खाली आणणं वैमानिकाच्या हातात राहत नाही. पंखांच्या टोकांना पुट्टी मारताना मिस्त्री सवयीनं "अजून एक हात" म्हणाले, तेव्हा त्या गृहस्थांनी डबा उचलून वजनकाट्यावर ठेवला. त्या दिवसापासून पुट्टी, प्रायमर, रंग सगळं काट्यावरून जातं.

दुसरी सवय पेन्सिलीची. मिस्त्रींच्या कानावर शिसपेन्सिल जन्मापासून असावी. अॅल्युमिनियमवर ग्राफाइटची रेघ राहिली आणि तिला दमट खारी हवा लागली की त्या रेघेवरूनच पत्रा खायला लागतो. सुईनं ओरखडा काढणं त्याहून वाईट, कारण थरथरीनं तिथून चीर जाते. म्हणून पत्र्याच्या टेबलापासून पेन्सिल हद्दपार, फक्त बारीक मार्कर. पोलादी तारेचा ब्रश आणि पोलादी काथ्याही बंद. त्यांचे कण पत्र्यात रुततात आणि गंजतात. कोकणात हे नियम पुस्तकापेक्षा कडक पाळावे लागतात. इथे नवा खिळा उघडा ठेवला तर पुढच्या आठवड्यात लाल दिसतो. जिथे पत्र्यावर पत्रा बसतो तिथे आतून प्रायमर मारल्याशिवाय रिवेट नाही. त्यातही मेख अशी की रिवेट मारायला पाऊस आडवा येत नाही, पण प्रायमरला येतो. म्हणून भर पावसात आम्ही भोकं जुळवतो, कडा घासतो, क्लेको लावतो आणि पुन्हा सगळं सोडवून ठेवतो. क्लेको म्हणजे रिवेटच्या आधी पत्रे तात्पुरते धरून ठेवणारी स्प्रिंगची चिमटी. तांब्याच्या रंगाची लहान भोकाला, काळी त्याच्या पुढच्या मापाला. उघडीप मिळाली की प्रायमर, आणि मग कायमचं. सुरुवात नेहमी शेपटीच्या सुकाणूपासून. लहान भाग आहे, चुकला तर फेकता येतो, आणि तो पुरा होईस्तोवर मालकाला स्वतःचा स्वभाव कळतो. एकजण सुकाणूवरच थांबले आणि किट विकून मोकळे झाले. त्यांचा हिशेब मला पटला.

पंख, धड, शेपटी यांचं फार सांगत नाही, ते धीराचं काम आहे. इंजिन मात्र थोडं सांगायला हवं. बहुतेकांची पसंती रोटॅक्स 912 या इंजिनाला असते. आमच्याकडे आलेलं 912 यूएलएस 100 अश्वशक्तीचं. त्याचं तेल तपासायची रीत बोटीच्या डिझेल इंजिनावर हात बसलेल्यांना विचित्र वाटते. तेलाची टाकी इंजिनापासून वेगळी असते. स्विच बंद करून पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, हातानं फिरवत राहायचा, तोही सरळ दिशेनंच, आणि टाकीतून गुडगुड आवाज आला की समजायचं तळातलं तेल टाकीत परत आलं. मगच दांडी पाहायची. आमचा वेल्डर पोरगा आता आवाजावरून सांगतो की अजून दोन फेरे हवेत.

इंधनाचा प्रश्न मात्र दिवसेंदिवस वाढतोय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि या इंजिनाला कंपनीची परवानगी 10 टक्क्यांपर्यंतच आहे. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाण्याची आमच्याकडे काय कमतरता! आम्ही आकडे असलेल्या काचेच्या नळीत ठरावीक पाणी घेतो, वर पेट्रोल ओततो, हलवतो आणि ठेवून देतो. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेघ वर सरकते. ती किती सरकली हे मालकानं स्वतः पाहिलं की वेगळा उपदेश करावा लागत नाही. पर्याय एव्हगॅसचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा, इंडियन ऑइलनं 2022 पासून ते देशात बनवायला घेतलंय. महाग आहे आणि त्यातल्या शिशामुळे तेल लवकर बदलावं लागतं, पण चाचणीच्या उड्डाणांसाठी आम्ही त्याचाच आग्रह धरतो.

जमिनीवरच्या चाचण्यांत माझी आवडती इंधन-प्रवाहाची. विमान चढताना नाक जेवढं वर असतं तेवढं शेडबाहेर वर करायचं. आम्ही पुढच्या चाकाखाली ठोकळे रचतो आणि शेपूट गटारावर आणतो. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडून मापाच्या बादलीत धरायची आणि घड्याळ लावायचं. पूर्ण ताकदीवर हे इंजिन तासाला साधारण 27 लिटर पितं. इंधन नुसत्या उतारानं येत असेल तर त्याच्या दीडपट, म्हणजे 40 लिटरच्या आसपास यायला हवं, पंपानं येत असेल तर सव्वापट. पहिल्या विमानाच्या उजव्या टाकीनं भरघोस दिलं, डाव्या टाकीची धार मात्र हळूहळू बारीक होत गेली. झाकण उघडलं की पुन्हा जोरात. म्हणजे टाकीत हवा शिरायची वाट अडली होती. नळी काढून फुंकली तर आतून कुंभारमाशीनं लिंपलेली माती पडली. कोकणात उघडी नळी आठवडाभर रिकामी ठेवली की ही बाई घर बांधते. तेव्हापासून प्रत्येक तोंडाला लाल फीत बांधलेली टोपी असते, आणि सगळ्या टोप्या मोजून फळीवर टांगल्याशिवाय विमान हलत नाही.

वैमानिकाच्या हातातल्या दांड्याची दिशा तपासणं पोरखेळ वाटतो. दांडा मुठीत धरून अंगठा वर करायचा; दांडा उजवीकडे झुकवला की अंगठा उजवीकडे कलतो, आणि त्याच बाजूच्या पंखाची मागची फळी वर उठली पाहिजे. तारा उलट जोडल्या गेल्यानं अनुभवी वैमानिकही गेलेत. ही तपासणी आम्ही तारा जोडणाऱ्याकडून करून घेत नाही. प्रत्येक नटावर घट्ट केल्यानंतर रंगाची रेघ, आणि त्या रेघेसमोर वहीत दोन सह्या.

उड्डाण आमच्या गावात होत नाही. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे, सिंधुदुर्गातल्या चिपीला प्रवासी विमानं येतात. त्यामुळे डीजीसीए या सरकारी विमान खात्याची नोंदणी आणि परवान्याचे कागद पुरे झाले की पंख सोडवून विमान ट्रकमधून आंबा घाटानं वर जातं, घाटावरच्या एका धावपट्टीवर. वर पंख पुन्हा बसतात, म्हणजे दिशेची तपासणी पुन्हा, सह्या पुन्हा. तीन चाकांखाली तीन काटे ठेवून वजन आणि तोल पुन्हा.

कोल्हापूरकरांच्या घरच्यांनी दसऱ्याचा मुहूर्त काढला होता. पाहुणे, पेढे, ड्रोनवाला, सगळं ठरलेलं. कागद हातात होते, विमानही तयार दिसत होतं. पण वैमानिक म्हणून आलेले हवाई दलाचे निवृत्त प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "दसऱ्याला पूजा करा. उडायचं कधी ते मी सांगेन." त्यांनी आधी दुसऱ्या एका 701 वर हात साफ करून घेतला. हलकं, संथ विमान मोठ्या विमानाच्या सवयीनं उडवलं की दगा देतं. इंजिन बंद पडलं तर त्याचा वेग डोळ्यादेखत मरतो आणि नाक लगेच खाली घ्यावं लागतं. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीनं 2012 मध्ये अशा घरबांधणीच्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला होता. त्यातही इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं हीच दोन कारणं वर होती, आणि बरेच अपघात विमानाच्या आयुष्याच्या सुरुवातीलाच झालेले.

उड्डाण झालं डिसेंबरात, आडवारी, सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. पाहुणे कोणी नाहीत. विमानात एकटे वैमानिक, डोक्याला हेल्मेट, गुडघ्याला बांधलेलं कार्ड. धावपट्टीच्या कडेला आम्ही, अग्निशामक नळकांडी आणि दार कापायची हत्यारं. कोणी काय करायचं हे आदल्या दिवशी करून पाहिलेलं. ठरलं होतं की जमीन सोडल्यावर लगेच इंजिन गेलं तर मागे वळायचं नाही, समोरच्या शेतात उतरायचं. त्या शेताच्या मालकाला सांगून ठेवलं होतं. त्यांनी ऊस कधी तोडणार तेही कळवलं होतं. विमान अपेक्षेपेक्षा लवकर उचललं गेलं, धावपट्टीच्या डोक्यावरच घिरट्या घालत उंची घेतली, वर जाऊन वेग हळूहळू कमी करून पाहिला आणि उतरलं. मालकांच्या डोळ्यांत पाणी. वैमानिकांचं पहिलं वाक्य: "डावा पंख जड वाटतो. झाकण काढा, तेल कुठे गळतंय का बघा."

त्यानंतरचे चाचणीचे तास लोकांना कंटाळवाणे वाटतात. वाळूच्या पिशव्या ठेवून वजन थोडं थोडं वाढवायचं, वेगदर्शक खरं बोलतो का ते वेगवेगळ्या दिशांना उडून जीपीएसशी ताडायचं, पंखांची उचल कुठल्या वेगाला सुटते ते पुरेशा उंचीवर पाहायचं, आणि इंजिनाची पहिली मोठी तपासणी 25 तासांनी. हे सगळं वहीत उतरल्याशिवाय दुसरी सीट बसवायची नाही, अशी अट आम्ही करारात घालतो. सीट आमच्या शेडमध्ये कुलपात राहते. एका गिऱ्हाइकानं यावरून आमच्याशी वाकडं घेतलं आणि काम दुसरीकडे नेलं. नेऊ दे.

पगार आजही होड्यांवरच निघतात. विमानाच्या कामानं पावसाळ्यातली शेड भरली आणि होड्यांच्या कामालाही शिस्त लागली. सह्यांची वही आता होडीच्या इंजिनालाही असते. सध्या एका पुणेकरांचे पंख भिंतीशी उभे आहेत, प्रायमरसाठी उघडिपीची वाट बघत. नवं किट एका वेळी एकच घेतो. कोणी चौकशीला फोन केला की किंमत सांगण्याआधी दोन गोष्टी विचारतो: पहिलं उड्डाण कोण करणार, आणि कुठल्या धावपट्टीवर. पुष्कळांनी याचा विचार केलेला नसतो. त्यांना आम्ही गणपतीनंतर निवांत शेडवर यायला सांगतो. गणपतीत येऊ नका, निम्मी माणसं गावी असतात आणि उरलेली भजनाला.