१५ ऑगस्ट झाला, मग १७ सप्टेंबर कशासाठी?

"महिन्यापूर्वीच तर स्वातंत्र्यदिन झाला, मग तुमच्या मराठवाड्यात पुन्हा झेंडावंदन कशाचं?" पुण्यात राहायला आल्यापासून दर सप्टेंबरात मला कुणी ना कुणी हे विचारतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

१५ ऑगस्ट १९४७ला औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे आमचे पाचही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. देश स्वतंत्र झाला आणि आम्ही आणखी १३ महिने बाहेरच राहिलो. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. पाठ्यपुस्तकात एवढंच येतं. घराघरांत सांगितलं जातं ते मात्र त्याआधीच्या १३ महिन्यांचं.

माझ्या आजीचं माहेर बार्शीकडचं, म्हणजे सरहद्दीच्या पलीकडचं, पूर्वीच्या इंग्रजी मुलखातलं. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांच्या, भीतीनं उस्मानाबादकडची कुटुंबंच्या कुटुंबं बैलगाड्या जुंपून तिकडं यायची. कुणी वाड्याच्या ढेलजेत राहायचं, कुणी गोठ्यात. त्या भागात निजामाविरुद्ध लढणाऱ्या तरुणांचे सरहद्दीवरचे कॅम्पही होते. त्यांच्यासाठी घरोघरच्या भाकरी गोळा व्हायच्या. आजी म्हणायची, "आमच्याच घरी दाणं कमी हुतं, पर दारात आलेल्याला जा कसं म्हणावं?" ही माणसं तिच्या नात्याची नव्हती, जातीची नव्हती, तिच्या राज्यातलीसुद्धा नव्हती. तिनं ती आपली मानली. माझ्यासाठी देश तिथून सुरू होतो, नकाशावरून नाही.

एक गोष्ट १७ सप्टेंबरच्या भाषणांत फारशी येत नाही, ती यायला हवी. हैदराबादनं भारतात यावं असं उघडपणे लिहिणारे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८मध्ये खून झाला. आणि पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे सप्टेंबरातल्या त्या लष्करी कारवाईनंतर, मराठवाड्यातल्या कितीतरी निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीनं, जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद केली आहे. तो दिवस साजरा करायचा तर या शेजाऱ्यांच्या नावानंही करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पुढे ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ढिगारे उपसायला देशभरातून माणसं आली. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. आम्ही दिलं, आम्हालाही मिळालं.

तेव्हा यंदा १७ सप्टेंबरला आमच्याकडे या. सकाळी संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभाजवळचं झेंडावंदन बघू, मग गावाकडे जाऊ. त्या १३ महिन्यांत कुणाच्या घरी कोण राहिलं होतं, हे सांगणारे म्हातारे आता मोजकेच उरलेत. त्यांचं बोलणं मला लिहून घ्यायचंय, आणि तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.