बुडाला न लागणारा कालथा

सारंगखेड्याच्या यात्रेत मी तीन वर्षांपासून दुकान लावतो. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी ही यात्रा घोडेबाजारासाठी प्रसिद्ध. पण घोडे बघायला आलेल्या माणसासोबत घरची बाईही येते, आणि ती लाटणं, पोळपाट, रवी, डाळघोटणी हातात घेऊन बघितल्याशिवाय जात नाही. आमचं घर सुताराचं. वडील बाभळीची तिफण, वखर करायचे. ट्रॅक्टर आले तसं ते काम आटलं, मग मी तीच बाभूळ स्वयंपाकघराकडे वळवली.

मागच्या यात्रेतली एक दुपार डोक्यातून जात नाही. सत्तरीच्या एक आजी आल्या, तापीपलीकडून, दोंडाईचाकडच्या. पिशवीतून कालथा काढून समोर ठेवला. माझाच होता, आदल्या वर्षी विकलेला.

"तुना कालथा बुडले लागत नही, दादा."

मोडला असेल असं वाटून मी उलटसुलट करून बघितला. लाकूड वर्षभर सावलीत वाळवलेलं होतं, दोन्ही टोकांना मेण लावून, कारण ओलं लाकूड टोकांकडून आधी सुकतं आणि तिथूनच फाटतं. मानेतून शिरा सरळ गेलेल्या. कुठे चीर नाही. जवसाच्या तेलानं रंगही छान धरला होता. मी म्हटलं, "आजी, याला काय झालंय?"

त्यांनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला दुसरा कालथा सोडला. "हाऊ मनी सासूना शे."

तो काळा पडला होता, दांडा हातानं झिजून मधे बारीक झाला होता. मी बराच वेळ त्याची कड बघत बसलो. एक कोपरा पार गोल, दुसरा तसाच टोकदार आणि मधली कड सरळ पण तिरकी. करणाऱ्यानं ती तिरकी केली नसणार. वर्षानुवर्षं पातेल्याच्या बुडाला घासून ती तशी झाली होती.

मग आजींनी बिबड्यांची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांची, गोष्ट काढली. बिबड्यांचा घाटा ज्यांनी हाटलाय त्यांना सांगायला नको. ज्वारीचा रवा, तीळ, लसूण, मिरची घातलेलं ते आळत आलं की खांद्यातून जोर लावावा लागतो, आणि तेव्हाच ते बुडाला धरतं. जरा लागलं की करपट वास सगळ्या घाट्याला, म्हणजे तीन दिवस भिजवलेली ज्वारी वाया. माझ्या कालथ्याचं टोक अर्धगोल होतं. दिसायला सुरेख, आणि मांडणीत तोच आधी उचलला जायचा. पण सपाट बुडाच्या पातेल्यात अर्धगोल एकाच ठिकाणी टेकतो, आजूबाजूचं लागून राहतं. आजींचा चैत्रातला एक घाणा असाच करपला होता.

मला फार वाईट वाटलं. मी इतकी वर्षं लाकूड बघत होतो, पातेलं बघितलंच नव्हतं.

शेजारी बचत गटाचं भरीत-भाकरीचं दुकान होतं. तिथल्या ताईंनी रिकामं पातेलं दिलं. सासूबाईंचा कालथा त्यात ढवळताना धरतात तसा कलता धरून फिरवला, तर कड अख्खी बुडाला बसली आणि गोल कोपरा काठाच्या वळणात नेमका शिरला. खरखर असा एकसारखा आवाज. माझा फिरवला तर टक-टक.

वाकस, कानस मी सोबतच ठेवतो. जुन्या कालथ्याचा आकार कागदावर पेन्सिलीनं उतरवला आणि बाभळीच्या अर्धवट तासलेल्या फळीवर ठेवला. तासाभरात झाला. पॉलिश पेपर मारला, पाणी लावून उन्हात धरला, कारण पहिल्या पाण्यानं लाकडाची लव उभी राहते, आणि पुन्हा घासला. आजींनी स्वतः पातेल्यात फिरवून बघितला, दोनदा.

मग म्हणाल्या, आणखी एक हवा, सुनेसाठी. मी तोच कागद फळीवर ठेवला, तर त्यांनी माझा हात धरला. सून डावखुरी आहे.

कागद उलटा केला आणि दुसरा कालथा केला. तो मात्र आजींना तपासता येईना. डाव्या हातात धरून बघितला, हसल्या, म्हणाल्या तीच सांगेल. पहिल्याचे पैसे मी घेतले नाहीत, दुसऱ्याचे त्यांनी दिल्याशिवाय सोडलं नाही. रात्री मुक्कामाच्या जागी उरलेले अर्धगोल कालथे काढले आणि कंदिलाजवळ बसून एकेक कड तासायला घेतली.

चैत्रात फोन आला. सूनबाई होत्या. घाटा कुठे लागला नाही, म्हणाल्या. "पण भाऊ, दांडा जाड झालाय. माझी मूठ लहान आहे."