फारियाची झोप आणि न आलेली ओहोटी

पणजी, 20 सप्टेंबर. रात्र. पाऊस तासाभरापूर्वी उघडलाय.

आबे फारिया 1819 साली आजच्याच तारखेला पॅरिसात वारला. जन्म 1756चा, आपल्या कांदोळीचा. जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामतांनी 1945 साली घडवलेला: हात पसरून उभा फारिया आणि त्याच्यापुढे मागे कलंडलेली बाई. येणारेजाणारे तिच्यासारखे कलंडून फोटो काढतात. संमोहनवाला म्हणून त्याला सगळे ओळखतात. अद्भुत कथेच्या कुळात त्याची जागा कुठे, हे मात्र सहसा निघत नाही.

त्या काळी युरोपात मेस्मर नावाच्या डॉक्टरची समजूत चालत होती की संमोहन करणाऱ्याकडून एक चुंबकी द्रव वाहतो आणि समोरच्याचा ताबा घेतो. फारियाने द्रव मोडीत काढला. तो माणसाला खुर्चीत निवांत बसवायचा, डोळे मिटून झोपेवर मन लावायला सांगायचा आणि एकदम हुकूम द्यायचा, "झोपा!" नाही लागली झोप, तर पुन्हा. तीन-चार वेळांत काही झालं नाही की त्या माणसाचा नाद सोडायचा. झोप झोपणाऱ्यातच असते, आपण फक्त सुचवतो, असं त्याचं म्हणणं.

कथाकारांना ही भानगड फार आवडली. जर्मन लेखक हॉफमनची चुंबकवैद्यावरची कथा 1814 सालीच आली. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने 1845 साली त्यावर कडी केली: मरणाच्या दारातल्या माणसाला संमोहित करतात, तो सात महिने ना जिवंत ना मेलेला असा राहतो आणि उठवल्याबरोबर डोळ्यांदेखत सडून जातो. लिहिली आहे डॉक्टरी टिपणासारखी, वेळा नोंदवत, भाव न खाता. काही वाचकांना ती खरी हकीकत वाटली. तिथे फारियाचं सूत्र नीट कळतं. पो घाबरवत नाही; नाडी, श्वास, घड्याळ एवढंच पुढे ठेवतो. बाकीचं वाचक स्वतःच करतो.

विज्ञानकथा, गूढकथा, भयकथा या पाट्या दिवाळी अंकांच्या सोयीच्या. मूळ जात एकच: 'असं झालं तर?' आणि तिच्यासाठी पॅरिसला जायचीही गरज नाही. राजा ककुद्मी लेकीला, रेवतीला घेऊन वर विचारायला ब्रह्मलोकी गेला. तिथे गाणं चाललं होतं म्हणून थांबला. गाणं संपल्यावर कळलं की खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली आणि मनात धरलेले सगळे वर केव्हाच खपले. इथवर चमत्कार. खरी गंमत विष्णुपुराण पुढे सांगतं: इतक्या काळात माणसं खुजी झालेली, रेवती जुन्या मापाची, म्हणजे नवरीच नवऱ्याहून कितीतरी उंच! बलरामाने तिला नांगराच्या टोकाने खाली ओढून बेताची केली, तेव्हा लग्न लागलं. काळाचा वेग बदलला, तर लग्नात अडचण नेमकी काय येईल, हे कुणीतरी बसून काढलंय. या जातीच्या कथेचा सगळा कस त्या एका अडचणीत आहे.

आधुनिक काळात यायचं तर जगदीशचंद्र बोसांनी 1896 साली कुंतलीन केशतेलाच्या कथास्पर्धेसाठी लिहिलं: बाटलीभर तेल समुद्रात ओततात आणि चक्रीवादळ शमतं. तेलाने लाटा निवतात ही गोष्ट खरीच, फक्त ताणलेली. मराठीत जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपली आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

आता आपल्याकडचं एक उदाहरण लावून बघू. बदल एकच: एका खाजनगावात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांच्या गावात, भरती येते आणि ओहोटी लागत नाही.

नवखा लेखक पहिल्याच पानावर समुद्र शेतात घुसवील. चूक. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, लाकडी दारं भरतीच्या दाबानेच मिटतात, आणि ओहोटीला आतलं पाणी चढं झालं की बाहेर उघडतात. ओहोटीच नाही म्हणजे दारं मिटलेलीच राहणार. खारं पाणी बाहेर अडेल. आत साचेल तो पाऊस. शेत बुडणार ते गोड्या पाण्यात. कोरगुट भात खारेपणा सोसतं, पण दिवसच्या दिवस बुडून राहिलं तर तेही कुजतं. मानशीची पावणी, म्हणजे तिथे मासे धरायचा लिलावातला हक्क, घेतलेला माणूस रात्री जाळं घेऊन येतो, कारण कोळंबी पडते ती ओहोटीच्या ओढीत. सव्वासहा तासांनी दार हलायला हवं. हलत नाही. तो बिडी पेटवतो. दुसऱ्या रात्री बांधावर खेकड्यांच्या बिळांतून पाणी पाझरताना दिसतं, आणि आता प्रश्न गावचा होतो: बांध मुद्दाम फोडायचा का, आणि कुणाच्या शेताशी?

दोनापावल्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतून कुणी येऊन कारण समजावून सांगायला लागला की कथा मेली. "तुला ठाऊकच आहे की चंद्राचं गुरुत्वाकर्षण..." ठाऊक आहे तर सांगतोस कशाला? बदल पहिल्या पानात दिसावा, कारण सांगितलं नाही तरी चालतं, पण परिणाम एकही चुकता कामा नये. वाचक चंद्र थांबलेला मान्य करतो. मानशीचं दार उलट्या बाजूला उघडलेलं मान्य करत नाही. इथे झोप मोडते.

दुसरी खोड म्हणजे दोन नवलं एकत्र आणणं. ओहोटी थांबली आणि त्याच रात्री गावचा राखणदार देवचारही बांधावर चालू लागला, तर दोघांचीही किंमत अर्धी होते. (देवचार आणायचाच असेल तर ओहोटीला हात लावू नये. त्याची स्वतःची कथा होते, आणि बरी होते.) तिसरी, शेवटी "तो दचकून जागा झाला." याला काय म्हणावं! आणि एक तपासणी: नवल काढून घेतलं तरी कथा उभी राहत असेल, तर ते नवल नुसतं शोभेचं होतं. या गोष्टीतून थांबलेली ओहोटी काढा, बिडी ओढत बसलेला एक माणूस उरतो.

तीन हजार शब्द पुरे. त्यापलीकडे चंद्राचं काय झालं हे सांगावं लागतं. शेवट बहुधा बांध फुटल्यावर नाही, आधीच. दार मिटलेलं, जाळं कोरडं, आत भात पिवळं पडलेलं, आणि पावणीचा पुढचा हप्ता सोमवारी.