गाद, गादी नव्हे : आमची वाटचाल

नागपूरला पहिलं पार्सल पाठवलं तेव्हा ट्रॅव्हल्सच्या माणसाने पावतीवर लिहिलं, 'गादी, १ नग'. खोक्यात ओल्या पोत्यात गुंडाळलेली, आम्ही वाढवून विकतो त्या गाद नावाच्या पाणवनस्पतीची ४० रोपं होती. गादीच आहे म्हणून ती आडवी टाकली, वर दोन पोती तांदूळ ठेवला आणि अर्धी रोपं कमरेत मोडून पोहोचली. तेव्हापासून खोक्यावर आम्ही गादेचं नावच लिहीत नाही. 'जिवंत रोपं, उभी ठेवा' एवढंच लिहितो.

गाद हे आमच्या भंडारा-गोंदियाकडचं नाव. वनस्पतीशास्त्रात हिला एलिओकॅरिस डल्सिस म्हणतात. कूळ नागरमोथ्याचं. हिला पानं अशी नाहीतच. चिखलातून सरळ वर आलेल्या हिरव्या, पोकळ नळ्या, कंबरभर किंवा त्याहून उंच, आणि फुलोरा आला की टोकाला बोटाच्या पेरासारखं एक कणीस. नळी दोन बोटांत दाबत नेली तर कटकट आवाज येतो, कारण आत थोड्या थोड्या अंतरावर आडवे पडदे असतात. पानांचं काम ही नळीच करते, आणि वरची हवा खाली मुळांपर्यंत नेण्याचं कामही तिचंच. हे दुसरं काम आम्हाला फार महागात शिकायला मिळालं. ते पुढे येईलच.

आम्ही धीवर. माझं माहेर आणि सासर, दोन्हीकडे पोट तलावावर. आमच्याकडचे बरेचसे तलाव कोहळी समाजाच्या जुन्या लोकांनी बांधलेले, धानाला पाणी मिळावं म्हणून. पुढे मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी गेली आणि १९५० नंतर तलाव सरकारजमा झाले, म्हणून त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' म्हणतात. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. माझे सासरे आमच्या संस्थेत होते, नवराही आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा तलावाच्या उथळ अंगाला गाद होती, म्हणजे होती म्हणण्यापुरती. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या तरुणपणी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून बघितलं तर अर्धा तलाव हिरवाच दिसायचा. गादेच्या बुडाशी मासे अंडी घालत, बारकी पिल्लं तिथेच लपत, मरळ तिथे सापडे. मग काठाने बेशरम नावाचं झुडूप माजलं. मग गाळ काढायला मशीन आलं. ठेकेदाराने वरचा हातभर थर सरसकट खरवडून नेला आणि त्याच थरात गादेचे कंद झोपलेले होते. गाळ काढू नये असं मी म्हणत नाही. पण तलावाचा उथळ उतार ठेवून मधला गाळ काढणं वेगळं आणि काठापासून सरळ खड्डा करणं वेगळं. आमच्याकडे खड्डा झाला. त्यात पाणी भरपूर राहिलं, पण गाद उगवेल अशी जागा राहिली नाही.

अर्जुनी मोरगाव भागातल्या धीवर संस्थांनी आणि बायांच्या गटांनी बेशरम उपटून तलावात देशी पाणवनस्पती परत लावल्याचं आम्ही ऐकून होतो. एकदा जाऊन बघून आलो. चिला, देवधान, गाद, सगळं हाताने लावलेलं. परत येताना जाऊबाई म्हणाल्या, "आपल्याला लावायची तर रोपं आणायची कुठून?" आमचा धंदा या प्रश्नातून सुरू झाला. सासूबाईंचं मत मात्र वेगळं होतं. "गाद का पैसे देऊन घेयाची चीज हाये का?"

पहिली दोन वर्षं त्यांचंच बरोबर होतं.

पहिल्या वर्षी चैत्र-वैशाखात, पाणी मागे हटून चिखलाला भेगा पडायला लागल्या तेव्हा शेजारच्या गावच्या तलावातून, तिथल्या संस्थेला विचारून कंद काढले. रानटी गादेचा कंद लहान असतो. काळपट तपकिरी, बोराएवढा किंवा त्याहूनही बारका. आम्ही ते धुऊन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवले. पंधरा दिवसांनी पिशवी उघडली तर घरात कोणी बसेना, असा वास. कंदाला ओल हवी आणि हवाही हवी. आता आम्ही ते त्याच तलावाच्या ओल्या मातीसकट मडक्यात, सावलीत ठेवतो. वर ओलं फडकं टाकतो, ताटाने झाकत नाही. काढतानाही एक ठरवलं आहे, जिथे तीन दिसतील तिथून एकच उचलायचा.

दुसऱ्या वर्षी कंद टिकले, पण रोपवाटिकेचे काळे ट्रे उन्हात मांडले. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन माहीत असूनही. दोन बोटं पाणी होतं, ते दुपारी चहासारखं तापलं आणि कंद उकडून निघाले. आता हिरवी जाळी बांधतो आणि ट्रेऐवजी जमिनीतच धानाच्या पऱ्ह्यांसारखे वाफे करतो. चार बोटं चिखल, त्यावर जेमतेम पाणी. कोंब वर आले की पाणी एकेक बोट वाढवायचं आणि सावली काढून टाकायची. गादेला पूर्ण ऊन लागतं. सावलीत ती उंच होते आणि लोळते. युरिया टाकला तरी लोळते, शिवाय शेवाळ धरतं. आम्ही खत म्हणून काहीच देत नाही.

तिसऱ्या वर्षी रोपं उत्तम झाली. मृगाच्या पहिल्या पावसावर आमच्याच तलावात लावली, हात-दीड हात अंतरावर, बायांनी रोवणीसारख्या ओळी धरून. सगळे खूश होते. मग आषाढात चार दिवस झड लागली, पाणी गुडघ्यावरून कमरेवर गेलं आणि एक वीत उंचीची आमची रोपं गढूळ पाण्याखाली गेली. पाणी ओसरायला दोन आठवडे लागले. खाली सापडलं ते काळं, बुळबुळीत.

नळी हवा खाली नेते असं वर लिहिलं ते इथे कळलं. तळाच्या चिखलात हवा नसते. रोपाचा शेंडा पाण्याबाहेर असेल तोवर मुळं श्वास घेतात. कोवळं रोप पूर्ण बुडालं की तो रस्ताच बंद होतो. पुरात लव्हाळं टिकतं असं आपण म्हणतो, पण ते मुळं धरलेल्या लव्हाळ्याचं. काल लावलेल्याचं नव्हे. तेव्हापासून आम्ही दीड-दोन फूट उंचीच्या आतलं रोप तलावासाठी देत नाही आणि लावायची जागा पाणी आज कुठे आहे ते बघून ठरवत नाही. भाद्रपदात पाणी कुठे असेल ते बघतो. भरल्या तलावात घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी राहील ती पट्टी गादेची. ती ओळखायला जुनी माणसं लागतात. पाण्याची रेघ कोणत्या दगडाला लागते हे त्यांना पाठ असतं.

चौथ्या वर्षी ग्रास कार्पने खाल्ली. संस्थेने माशांचं बीज टाकलं त्यात ग्रास कार्प होता, आणि नावातच आहे, तो गवत खातो. सिप्रनस, म्हणजे कॉमन कार्प, खात नाही इतकं, पण तळ उकरतो आणि नवी रोपं उपटून तरंगायला लावतो. संस्थेच्या बैठकीत मी उभी राहून म्हटलं की हे दोन मासे दोन वर्षं टाकू नका. बैठकीत बाईने बोलायचं म्हणजे आधी सगळे गप्प, मग सगळे एकदम बोलणार. मुद्दा त्यांचाही खरा होता. हे मासे लवकर वाढतात आणि ठेक्याची रक्कम दरवर्षी भरायचीच असते. शेवटी तोड निघाली ती अशी. उथळ अंगाचा एक कोपरा बांबू आणि जुन्या जाळ्याने वेढायचा, आत गाद, बाहेर मासे. कुंपण दोन पावसाळे ठेवलं. तोवर धावत्या मुळांनी गादेने कोपरा भरून टाकला, आणि एकदा बुडखे जुने झाले की मासा थोडं खातो आणि बरंच सोडतो. आता कोणी रोपं मागितली की पहिला प्रश्न हाच विचारतो, तलावात मासे कोणते आहेत? उत्तर 'ग्रास कार्प' आलं आणि कुंपणाची तयारी नसली, तर आम्ही रोपं देत नाही. गिऱ्हाईक रागावतं. दोन गिऱ्हाइकं कायमची गेली.

रानडुकरं कंदांसाठी चिखल उकरतात आणि जांभळ्या पाणकोंबड्या कोवळ्या नळ्या तोडून खातात. पाणकोंबड्यांना आम्ही हाकलत नाही. सारस आमच्या भागात आहेत, तेही असेच कंद शोधत चिखलात चोच खुपसतात. ते आलेले बघायला मिळाले तर नुकसान झालं असं कोण म्हणेल?

शहरातली विक्री हा वेगळाच प्रकार आहे. तिथे गाद टबात लावतात, गच्चीवर कमळाशेजारी. दिसते सुंदर, उभ्या हिरव्या रेघा. टबाला भोक नको, शेतातली काळी माती वीतभर, वर बारीक खडीचा थर आणि खडीवर चार बोटं पाणी. डासांसाठी गप्पी टाकू नका. आमच्या ओढ्यांत कपाळावर चमकता ठिपका असलेले बारके मासे मिळतात, ते डासांच्या अळ्या आवडीने खातात. आणि मोकळ्या छोट्या तळ्यात गाद थेट लावू नका, कुंडीसकट बुडवा. नाहीतर दोन वर्षांत तळं तिचंच होतं.

या विक्रीत आमची एक चूक झाली, ती लिहायलाच हवी. एका खेपेत रोपांच्या बुडख्यांना साल्व्हिनियाचे चार-दोन तुकडे चिकटून गेले. परदेशी तरंगती वनस्पती, जलपर्णीच्याच चालीची. महिन्याभरात त्या गिऱ्हाइकाचं तळं झाकून गेलं. आम्ही जाऊन स्वतः साफ केलं आणि पैसे परत केले. आता शहरात जाणारी रोपं पंधरा दिवस वेगळ्या टाक्यात उभी राहतात, रोज वरचं पाणी बघतो आणि मगच बांधतो.

दिवाळीनंतर फोन सुरू होतात, "ताई, रोप मेलं." मेलेलं नसतं. दिवस लहान झाले की गाद सगळा जीव खाली कंदात उतरवते आणि वरच्या नळ्या पिवळ्या पडतात. त्या कापून टाका, माती ओली ठेवा, रोहिणीपर्यंत थांबा. हे आता आम्ही छापील कागदावर देतो. तरी फोन येतातच.

कंद खाता येतो का, हे हमखास विचारतात. येतो. चायनीज हॉटेलात कुरकुरीत पांढऱ्या चकत्या मिळतात तो याच गादेचा कंद, पिढ्यान्‌पिढ्या निवडून मोठा केलेला. डल्सिस म्हणजे गोड. शिजवला तरी कुरकुरीतपणा जात नाही, हे मी नागपूरच्या हॉटेलात खाऊन बघितलं आहे, आणि बिल बघून सासूबाई काय म्हणतील तेही तिथेच आठवलं. आमच्या रानटी गादेचा कंद सोलायलाच कंटाळा येईल इतका लहान. शिंगाडा वेगळा, त्याचा हिच्याशी काही संबंध नाही. तलावातला कंद दाताने सोलून कच्चा खाऊ नका, सालीवरून पोटात जंत जाऊ शकतात. सोला आणि उकळा.

शेतकऱ्यांचं एक म्हणणं आम्ही टाळत नाही. गाद धानाच्या बांधीत शिरली तर ती तण आहे. खरं आहे. तलावाच्या पाण्याबरोबर ती खाली येऊ शकते. म्हणून पाणी सुटतं त्या तोंडाजवळ आम्ही लावत नाही, आणि बांधीत दिसली तर कंदासकट काढावी लागते, नुसती कापून भागत नाही.

आज आम्ही घरच्या दोघी आणि गावातल्या चार जणी मिळून हे काम करतो. वर्षाची जवळजवळ सगळी कमाई रोहिणी ते आषाढ या दिवसांत होते. अडचण अशी की त्यानंतर लगेच धानाची रोवणी लागते आणि त्याच बायांना शेतात जास्त मजुरी मिळते. म्हणून आमची लावणी रोवणीच्या आधी संपली पाहिजे, नाहीतर वाफ्यातली रोपं वाफ्यातच राहतात. गेल्या वर्षी पाऊस उशिरा आला, दोन्ही कामं एकत्र आली आणि एका तलावाची रोपं आम्ही घरच्या दोघींनीच तीन दिवसांत लावली. सासूबाई पाळीवर बसून ओळी वाकड्या झाल्याचं सांगत होत्या.

यंदा चिला आणि देवधानाचीही रोपं करून बघत आहोत. तयार झाली की सांगू.

तलावासाठी रोपं हवी असतील तर वैशाखाच्या आत कळवा. सोबत तलावाचा उन्हाळ्यातला फोटो पाठवा, काठाचा उतार दिसेल असा. भरल्या तलावाचा फोटो सुंदर असतो, पण त्यावरून आम्हाला काहीच कळत नाही.