मे महिन्यातली ट्यूलिप

१३ मे, आम्स्टलवेन, नेदरलँड्स

लिस गावच्या ट्यूलिपच्या शेतांतली फुलं कधीच छाटून झाली. तिथे जमिनीतला कंद पोसायचा असतो. फूल उमललं, रोगट झाडं उपटून झाली, की यंत्राने फुलं उडवतात. आमच्या गल्लीतल्या वाफ्यांतही आता नुसती मलूल पानं. आणि आमच्या मागच्या अंगणात अँजेलिक आत्ता कुठे भरात आली आहे! उशिरा फुलणारी ही डबल, म्हणजे भरगच्च पाकळ्यांची ट्यूलिप मी लावते ती याच दिवसांसाठी. सगळ्यांचा बहर सरल्यावर स्वतःच्या दारात फूल बघण्याचं सुख वेगळंच.

सकाळी चहा घेऊन एका फुलापाशी बसले. बाहेरच्या पाकळ्यांवर अजून हिरवट पट्टा, आत फिकट गुलाबी, कडेला जवळजवळ पांढरा. साध्या ट्यूलिपला सहा पाकळ्या नि मधे सहा पुंकेसर. इथे पुंकेसरांच्याच पाकळ्या झाल्यात, आणि काहींच्या अर्ध्यामुर्ध्याच. अशा एका चिमुकल्या पाकळीच्या कडेला परागकोशाचा तुकडा चिकटलेला दिसला. साध्या मोगऱ्याशेजारी हजारी मोगरा ठेवावा, तसा हा थाट.

एवढा भार पेलणं देठाला जड जातं. झाड जेमतेम ४०-४५ सेंटिमीटर उंच. साधं फूल गारठ्यात मिटून घेतं, हे मात्र इतकं गच्च की पुरतं मिटत नाही आणि रात्रीचा पाऊस आत साठतो. पाऊस थांबला की मी देठाला खालून हलकी टिचकी मारते. पाणी निथळलं की मान वर येते. वाऱ्यापावसाचा अंदाज असेल तर मी सरळ कापून घरात आणते. फुलदाणीतही देठ वाढतच राहतो, रोज थोडा उजेडाकडे वळतो. मला ते फार आवडतं.

आईचा साताऱ्याहून फोन होता. "चार कंद पाठव की गं, कुंडीत लावते." पण ट्यूलिपच्या कंदाला १२ ते १६ आठवडे थंडी मिळाल्याशिवाय धड फूल येत नाही, साताऱ्यात ते फ्रिजमध्येच ठेवावे लागतील. आई म्हणाली, "ठेवते की! भाजीचा कप्पा रिकामाच असतो." तिला बजावलं, कंदाशेजारी केळी-सफरचंद ठेवू नकोस. पिकत्या फळांच्या वायूने आतली कळी करपते.

टोमॅटो-मिरचीची रोपं अजून खिडकीतच आहेत. ११ ते १४ मे हे इथले 'आइसहायलिगन', म्हणजे 'बर्फाळ संतांचे' दिवस, तोवर रात्री दव गोठणार नाही याचा भरवसा नाही.

पाकळ्या गळल्या की लगेच बोंड खुडायचं, म्हणजे बी धरण्यात जोर जात नाही. पानं मात्र पिवळी पडेपर्यंत ठेवायची, दिसायला कितीही वाईट दिसोत. तरी डबल जाती पुढच्या वर्षी तितक्याच जोमाने येतील असं नाही, त्यामुळे नवे कंद घ्यावेच लागतात. यंदा माउंट टाकोमा ही पांढरी डबल जातही हवी. नोव्हेंबरात, १५ सेंटिमीटर खोल, पण या वाफ्यात नको. त्याच मातीत पुन्हा पुन्हा लावली की पानांवर करपा येतो. दक्षिणेच्या भिंतीलगतची जागा वाऱ्याच्याही आड आहे, तिथली लव्हेंडर हलवावी लागेल.