तुम्ही विचारलंत म्हणून : ती धर्मयुद्धं श्रद्धेसाठी की पैशासाठी?

मी इतिहासाचा मास्तर होतो आणि घराणं नगरचं ख्रिस्ती. एवढ्या भांडवलावर लोक मला कुठेही गाठून हा प्रश्न विचारतात. लग्नाच्या पंगतीत, बँकेत पेन्शनच्या रांगेत, एकदा तर मयतीला. "सर, ती क्रुसेडं, ते यरुशलेमचं प्रकरण, ते खरंच धर्मासाठी होतं की पैशासाठी?" विचारणाऱ्याला काय ऐकायचंय ते मला आधीच कळतं. बाहेरच्यांना "धर्मासाठी" हवं असतं, म्हणजे माझ्यासमोर बोट नाचवता येतं. आमच्या मंडळीतल्यांना "पैशासाठी" हवं असतं, म्हणजे प्रभूच्या नावाला डाग लागत नाही. आजवर मी दोघांनाही अर्धंमुर्धं काहीतरी सांगून वाटेला लावलं. आता एकदा नीट सांगतो. क्रुसेडं म्हणजे यरुशलेम मुसलमानांकडून घ्यायला युरोपातल्या ख्रिस्त्यांनी केलेल्या स्वाऱ्या. मी मुख्यतः बोलतोय ती पहिली, १०९६ ते १०९९ची.

पैशाचं आधी उरकू. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाच्या दप्तरात १०९६च्या एप्रिलमधली एक सनद आहे. माँमेर्लचा अशार नावाचा सरदार तिच्यात आपली जमीन मठाकडे गहाण ठेवतो आणि २००० नाणी आणि चार खेचरं उचलतो. अट अशी, की मी वाटेत मेलो किंवा तिकडेच राहिलो तर जमीन मठाची. १०९९च्या जूनमध्ये, यरुशलेम हाती येण्याच्या थोडंसं आधी, तो याफाजवळ मारला गेला. नॉर्मंडीच्या ड्यूक रॉबर्टने तर अख्खी डची, म्हणजे आपलं सगळं संस्थान, भावाकडे गहाण टाकली, १०,००० मार्क चांदीवर. म्हणजे पैसा घरातून बाहेर गेला. धाकट्या, बिनजमिनीच्या पोरांनी नशीब काढायला केलेली ही स्वारी होती, असं पूर्वी ठासून सांगत. पण पुढारी बघा, तूलूझचा रेमंड, ब्ल्वाचा स्टीफन, सगळे गडगंज.

हे मी वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगायचो. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, दुबईला जायला आमच्या काकांनी पण जमीन गहाण ठेवली होती. म्हणजे ते काय भक्तीसाठी गेले?" वर्ग हसला, मीही हसलो. त्या पोराचं म्हणणं अगदीच मोडीत काढता येत नाही. याच स्टीफनने १०९८मध्ये अंतियोखियाच्या वेढ्यातून बायकोला पत्र लिहिलं, की निघालो तेव्हा होतं त्याच्या दुप्पट सोनंनाणं आज माझ्याकडे आहे. पण पुढचंही ऐका. वेढा अंगाशी येतोय असं वाटताच हा पळून घरी आला. नवस अर्धा टाकून आला म्हणून बायकोने, विजेत्या विल्यमची ती लेक, त्याला पुन्हा पाठवलं आणि ११०२मध्ये रामल्याला तो मेला. दुप्पट झालेलं सोनं त्याला घरी थांबवू शकलं नाही. आणि यरुशलेम मिळाल्यावर जगले-वाचलेले बहुतेक जण जहाज धरून परत गेले. राज्य राखायला सुमारे ३०० घोडेस्वार उरले. नशीब काढायला आलेली माणसं असं करत नाहीत.

मग कशासाठी गेले? पोप अर्बन आणि जर्मन सम्राट हेन्री यांचं भांडण, हेन्रीने रोममध्ये बसवलेला दुसरा पोप, तुर्कांविरुद्ध मदत मागायला आलेले कॉन्स्टँटिनोपलचे वकील, हे सगळं तुम्ही वाचलेलं असतं, नाहीतर मला विचारलंच नसतं. ते पोपचं कारण झालं. खेचर घेऊन निघालेल्या अशारचं कारण वेगळं, आणि ते सांगायला मला हेस्टिंग्जला जावं लागतं. १०६६ची ती इंग्लंडमधली लढाई त्याच विजेत्या विल्यमने पोपच्या आशीर्वादाने जिंकली असं मानलं जातं. तरी काही वर्षांत चर्चने त्याच्याच सैनिकांना फर्मान काढलं, की जितकी माणसं मारलीत तितकी वर्षं प्रायश्चित्त घ्या. आकडा आठवत नसेल तर जन्मभर आठवड्यातून एक दिवस. म्हणजे न्याय्य मानलेल्या लढाईतसुद्धा माणूस मारणं पापच होतं आणि ते फेडावं लागत होतं. आता १०९५चा, अर्बनने फ्रान्समध्ये क्लेर्माँला भरवलेल्या धर्मसभेचा ठराव बघा : जो कोणी केवळ भक्तीने, मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, देवाची मंडळी सोडवायला यरुशलेमला जाईल, त्याला तो प्रवास सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल. तीस वर्षांच्या आत! ज्या कामाचं प्रायश्चित्त घ्यावं लागायचं, तेच काम प्रायश्चित्त झालं. नरकाची मनापासून भीती असलेल्या आणि हाताला तलवारीशिवाय दुसरं काम माहीत नसलेल्या माणसाला हे कसं ऐकू आलं असेल? आणि ठरावातलं "पैशासाठी नव्हे" हेही वाचा. तुमचा प्रश्न क्लेर्माँच्या बिशपांनाही पडला होता.

तरुणपणी माझं उत्तर याहून सोपं होतं. "ते पोपचं. आपण प्रोटेस्टंट. आपला त्याच्याशी संबंध काय?" मी हे बिनदिक्कत बोलायचो. आमच्याकडे मिशन १८३१मध्ये आलं, तेही अमेरिकेतून. अर्बनचा वारसा आमच्या माथी मारू नका, असा युक्तिवाद. आज तरुणपणीच्या त्या माझ्याशीच मी वाद घालतो. बाळा, प्रायश्चित्ताचा हिशेब तुझ्या ल्यूथरने, प्रोटेस्टंट पंथाच्या त्या मूळपुरुषाने, फाडला, मान्य. पण त्याच ल्यूथरने १५४३मध्ये यहूद्यांची सभास्थानं जाळायला सांगितली. मग माइंझचं काय करशील?

माइंझ, ऱ्हाइन नदीकाठचं ते जर्मन शहर, सांगायलाच हवं. हा प्रश्न मला तिथे नेऊन सोडतो आणि मी तिथून पुढे सरकत नाही.

१०९६चा मे महिना. मुख्य फौजा अजून निघायच्या होत्या. एमिको नावाच्या एका जर्मन काउंटने छातीवर क्रूस शिवलेला जमाव गोळा केला आणि यरुशलेमकडे जायच्या ऐवजी आधी ऱ्हाइनकाठच्या यहूद्यांवर गेला. जमावाचं म्हणणं होतं, ख्रिस्ताच्या वैऱ्यांना शोधत इतक्या लांब कशाला जायचं, आपल्यातच बसलेत की. माइंझच्या यहूद्यांनी आर्चबिशपला पैसे दिले. त्याने त्यांना आपल्या वाड्यात घेतलं. एमिकोलाही त्यांनी सोनं पाठवलं. त्याने ते घेतलं आणि वेढा उठवला नाही. २७ मेला शहरातल्याच कुणी वेस उघडली. कालोनिमस या त्यांच्या पुढाऱ्याने लोकांना शस्त्रं देऊन अंगणाच्या दारात उभं केलं, पण दिवसेंदिवस उपास केलेली ती माणसं कितीसा वेळ टिकणार? आर्चबिशपची माणसं पळाली, आर्चबिशपही पळाला.

बाप्तिस्मा घ्या नाहीतर मरा, असा पर्याय होता. आतल्यांनी तिसरं काही केलं. पुढच्या पिढीतल्या शलमोन बार शिमशोनची हिब्रू बखर ते सांगते. राहेल नावाच्या बाईला चार मुलं होती. मुलं जमावाच्या हाती लागून ख्रिस्ती होऊ नयेत म्हणून तिने सुरी मागितली. धाकटा इसहाक आधी गेला. ते बघून अहरोन ओरडला, "आई, मला मारू नकोस", आणि एका पेटीखाली जाऊन लपला. बेल्ला आणि मात्रोना या दोन मुली. त्यांनी स्वतः मान पुढे केली, असं बखर म्हणते. मग राहेलने हाक मारली, "अहरोन, कुठे आहेस?" आणि पेटीखालून त्याचा पाय धरून त्याला बाहेर ओढलं. दोन मुलं एका बाहीत, दोन दुसऱ्या बाहीत घेऊन ती बसून राहिली. क्रूसवाले आत आले. बाह्या फुगलेल्या दिसल्या, तर म्हणाले, "बाहीत लपवलेला पैसा दाखव." तिने दाखवलं. त्यांनी तिला मारलं.

इसहाक, अहरोन, राहेल. आमच्या संडे स्कूलच्या हजेरीपटावर ही नावं आजही असतात.

बखर काही दशकांनी लिहिलेली आहे, मेलेल्यांचा गौरव करायला लिहिलेली आहे, हे मलाही कळतं. माणसं किती मेली यावर एकमत नाही. ही बखर ११०० म्हणते, आखेनचा आल्बर्ट लॅटिनमध्ये ७०० लिहितो. हाच आल्बर्ट सांगतो, की हे सगळं पैशाच्या हावेपोटी झालं. तो स्वतः ख्रिस्ती, त्यामुळे त्याला तसं म्हणणं सोयीचंही होतं, जसं आमच्या मंडळीतल्यांना आहे. पण सोनं तर एमिकोला वेशीबाहेरच मिळालं होतं. मग आत जाऊन बाप्तिस्मा कशाला विचारायचा? चोर घरात शिरून तुमचा धर्म विचारत नाही. आणि बाहीत पैसे शोधणारा हात कुणाचा? त्याच माणसाचा, छातीवर क्रूस असलेल्याचा. मला त्या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. कालोनिमस पन्नासेक जणांना घेऊन निसटला, तेव्हा नदीपलीकडून आर्चबिशपने निरोप पाठवला, की बाप्तिस्मा घेतलात तरच वाचवू शकतो. हा तर त्यांचा रक्षणकर्ता होता! तेही सगळे मेले.

आता तुमच्या प्रश्नाने माझं डोकं का फिरतं ते सांगतो. "श्रद्धेसाठी की पैशासाठी" हे मला अर्बनबद्दल विचारायच्या आधी माझ्या पणजोबांबद्दल विचारलं गेलंय. दुष्काळात मिशनने धान्य दिलं, काम दिलं. त्या काळात जे ख्रिस्ती झाले त्यांच्या नातवंडांना गावात "पोटासाठी बाटले" हे ऐकावंच लागतं. मी लहानपणी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "भूक लागलेल्याला देव दिसत नाही असं कुणी सांगितलं तुला?" या उत्तरावर मी आयुष्य काढलंय. पण हेच उत्तर मी एमिकोला देऊ का? पणजोबांच्या हातात तलवार नव्हती, हा फरक पुरेसा आहे असं मी म्हणतो. रात्री झोप लागत नाही तेव्हा म्हणतो, पुरेसा आहे का? बाप्तिस्मा तोच. १०९७मध्ये सम्राट हेन्रीने जबरदस्तीने बाटवलेल्या यहूद्यांना परत आपल्या धर्मात जायची मुभा दिली, तर त्याच्याच मर्जीतल्या क्लेमेंटने, त्या दुसऱ्या पोपने, हरकत घेतली. पडलेलं पाणी परत घेता येत नाही म्हणे.

आणि कुणी म्हणालं की हे सगळं लोभी, अडाणी जमावाचं काम, तर त्याला मी क्लेर्व्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड सांगतो. लोभाचा आरोप त्याच्यावर वैरीही करणार नाहीत. ११४६मध्ये राडुल्फ नावाचा साधू ऱ्हाइनकाठी पुन्हा यहूद्यांवर लोकांना उठवू लागला, तेव्हा बर्नार्ड स्वतः माइंझला गेला आणि त्याला मठात परत हाकलला. यहूदी बखरकारांनी बर्नार्डचं नाव उपकाराने नोंदवलंय. त्याच वर्षी वेझलेला उभा राहून त्याने दुसऱ्या क्रुसेडची हाक दिली. काफराला मारणारा माणसाला नाही, दुष्टतेला मारतो, असंही त्यानेच टेम्पलर सरदारांना, म्हणजे साधूंचं व्रत घेतलेल्या लढवय्यांना, लिहून दिलं होतं. ल्यूथरला हा फार आवडायचा. मलाही आवडतो, आणि ते मला खटकतं.

आमच्या पाळकांनी अलीकडेच विचारलं, "सर, तरुणसंघात कुणी हा प्रश्न काढला तर मी काय सांगू?" म्हटलं, राहेलची गोष्ट सांगा. ते म्हणाले, "उत्तम शुक्रवार तोंडावर आलाय, आत्ता नको." मी म्हटलं, ऱ्हाइनकाठचा जमाव ख्रिस्ताच्या वधस्तंभाचाच सूड घ्यायला निघाला होता, तेव्हा आत्ताच सांगायला हवी. त्यांनी मान डोलावली आणि पुनरुत्थानाच्या सणानंतर बघू म्हणाले. नंतर उन्हाळी शिबिर आलं. अजून तारीख ठरलेली नाही.