दुसऱ्या संग्रहाची वाट पाहताना

माझ्या दुसऱ्या कवितासंग्रहाचे हस्तलिखित दिवाळीनंतर पुन्हा एकदा परत आले आहे. या वेळी प्रकाशकांनी पत्र सविस्तर लिहिले होते: कविता चांगल्या आहेत, परंतु बाईपणाचा विषय पहिल्या संग्रहात येऊन गेला आहे, आता त्यापलीकडे जावे, आणि तरीही संग्रह काढायचाच असेल तर काही प्रती मी स्वतः विकत घ्याव्यात. कागदाचे आणि छपाईचे दर मला ठाऊक आहेत, कवितेची पुस्तके दुकानांत किती सावकाश खपतात हेही मी पाहते, त्यामुळे प्रती विकत घेण्याच्या अटीचा मला फारसा राग आला नाही. विषय येऊन गेला आहे, हे मात्र मला मान्य नाही. पावसावर, गावावर किंवा वडिलांवर आयुष्यभर लिहिणाऱ्या कवीला त्याचा विषय संपल्याचे कोणी कळवत नाही.

त्याच सुमारास महाविद्यालयातले कामही सुटले. सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झाल्यापासून मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. ही नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती असते, दर वर्षी नव्याने मुलाखत द्यावी लागते, मानधन फक्त घेतलेल्या तासांचे मिळते आणि तेही अनेकदा महिनोन्‌महिने थकते. यंदा कार्यभार कमी झाल्याचे सांगून मला पुन्हा बोलावले गेले नाही. आता मी मुद्रितशोधनाची कामे घेते, संध्याकाळी शिकवण्या करते आणि उरलेल्या वेळात लिहिते. याचा कवितेवर परिणाम होत नाही असे म्हणणे खोटे ठरेल, कारण हात आखडता झाला की पहिली कात्री पुस्तकखरेदीला लागते आणि वेळ अपुरा पडला की सर्वांत आधी कविताच पुढे ढकलली जाते.

अशा दिवसांत मी एकोणिसाव्या शतकातल्या लेखिका ताराबाई शिंदे पुन्हा वाचायला घेतल्या. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती शिक्षा सौम्य करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीला बोल लावले गेले, आणि बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून लिहिलेले ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले. पाप दोघांचे असताना शिक्षा एकटीलाच का, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो त्या अशा रोखठोक, बोलीच्या झणझणीत मराठीत विचारतात की आजही परिच्छेद मोठ्याने वाचला तर आवाज आपोआप चढतो. कवितेत राग कसा आणावा हे मी कवितांपेक्षा या गद्याकडून अधिक शिकले आहे.

ताराबाईंच्या धैर्याबद्दल सगळेच बोलतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र अलीकडे त्यापुढची वर्षे अस्वस्थ करतात. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली, तरी पुढे ते पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले आणि १९७५ साली संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत तसेच राहिले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्या हाती नाही. इतकी धारदार लेखणी एकदाच चालते आणि थांबते, याचे कारण केवळ त्यांच्या स्वभावात शोधणे मला अन्यायाचे वाटते. बाईचे पहिले पुस्तक कुतूहलाने वाचले जाते, कधी कौतुकाने, कधी त्वेषाने; पण तिला पुढे काय म्हणायचे आहे, हे विचारणारे संपादक, सभा आणि वाचक असतील तरच दुसरे लिहिले जाते. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आली ती घरात ती टिपून ठेवणारा कवी मुलगा होता म्हणून. सोपानदेव नसते तर अशी किती गाणी जात्यावरच राहिली असती!

म्हणूनच लिहीत राहिलेल्या बायका मला फार मोलाच्या वाटतात. मलिका अमर शेख यांचा ‘वाळूचा प्रियकर’ हा कवितासंग्रह १९७९ साली आला तेव्हा त्या विशी नुकतीच ओलांडलेल्या होत्या. त्यानंतर त्यांनी संसाराची झळ ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मकथनात नावागावांसह मांडली, त्याचे परिणाम सोसले आणि तरीही त्या कवितेकडे परतल्या. कवयित्री अनुराधा पाटील यांचे तर मला विशेष ऋण मानायचे आहे. ‘दिगंत’ या संग्रहापासून ‘कदाचित अजूनही’पर्यंत त्या बाईच्या एकाकीपणाकडे, गावाकडे, मातीकडे पुन्हा पुन्हा वळल्या आणि दर वेळी त्याच जागेवर अधिक खोल गेल्या. २०१९ साली ‘कदाचित अजूनही’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तोवर त्या काही दशके लिहीत होत्या. विषय येऊन गेल्याचे त्यांना कोणी सांगितले असेल तर त्यांनी ते ऐकले नाही, ही मराठी कवितेवर त्यांनी केलेली कृपाच आहे.

माझ्या हस्तलिखिताच्या मध्यावर विजयालक्ष्मीवरची एक मालिका आहे. प्रकाशकांनी तीच गाळायला सुचवले होते. मी ती वाढवते आहे. खटल्याची चर्चा झाली, शिक्षेची झाली, तिच्या निमित्ताने साऱ्या बायकांची झाली, पण ती स्वतः काय बोलली असेल ते मला कुठे सापडत नाही. तिच्या तोंडी शब्द घालण्याचा अधिकार मला आहे का, हे अजून ठरत नाही. म्हणून सध्या मी त्या कविता तिला उद्देशून, द्वितीय पुरुषी लिहून पाहते आहे. बाळाच्या बापाविषयीची कविता तेवढी अडली आहे, कारण त्याला संबोधावे तर नावही हाताशी नाही.